पंजाची सही करणारा खलाशी

शंभर मीटरची शर्यत कधी पळला आहात? तेवढ्याच लांबीचं एक जहाज होतं, कॅम्पबेल! १९३६ साली ते अमेरिकेच्या तटरक्षक दलात दाखल झालं. अशा जहाजांना तिथे ‘कटर’ म्हणतात. हे कागद कापायचं कटर नव्हे हं! कटर हे आधी एका चपळ शिडाच्या नौकेचं नाव होतं. जकात बुडवणाऱ्यांना पकडायला १७९० साली अमेरिकेनं अशा दहा नौका बांधायचं ठरवलं. पुढे शिडं गेली, इंजिनं आली, नाव मात्र तेच राहिलं.

संकटात सापडलेल्या माणसांना वाचवणं, हे कॅम्पबेलचं एक मोठं काम. मग दुसरं महायुद्ध आलं आणि जहाजाला नवी जबाबदारी मिळाली, तांड्याची राखण करायची. अटलांटिक महासागरात मालवाहू जहाजं घोळक्यानं जायची. दिंडीत सगळे जसे सगळ्यात हळू चालणाऱ्याला सांभाळून घेतात ना, तसा हा तांडा सगळ्यात संथ जहाजाच्या वेगानं चालायचा. पाण्याखाली टपलेल्या असायच्या जर्मन पाणबुड्या.

पण पाण्याखालची पाणबुडी दिसणार कशी? दिसत नाहीच, ती ऐकावी लागते! जहाज पाण्यात ‘पिंग’ असा आवाज सोडतं. तो पाणबुडीवर आपटून परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं. आता करा गणित. पिंग २ सेकंदांनी परत आला, तर पाणबुडी किती लांब? ३००० मीटर म्हणालात? चुकलात! जाणं आणि येणं, दोन्ही धरायला हवं. उत्तर १५०० मीटर.

पाणबुडीचा ठाव लागला की डेप्थ चार्ज टाकायचे. म्हणजे स्फोटकांनी भरलेली पिंपं. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब हवेच्या दाबाएवढा वाढतो. पिंपातली कळ हा दाब ओळखते आणि ठरवलेल्या खोलीवर स्फोट करते. मला ही युक्ती फार भारी वाटते, कारण इथे पाणीच घड्याळाचं काम करतं!

२२ फेब्रुवारी १९४३ ची रात्र. पोलंडच्या बुर्झा या युद्धनौकेच्या डेप्थ चार्जनी यू-६०६ ही पाणबुडी जबर घायाळ झाली होती. तिला वर यावंच लागलं. कॅम्पबेलच्या रडारनं अंधारात तिला टिपलं आणि कप्तान जेम्स हर्शफील्ड यांनी जहाज थेट तिच्यावर घातलं. तोफा धडधडू लागल्या. त्यांतली एक कृष्णवर्णीय खलाशांच्या हातात होती. त्या काळी या खलाशांना बहुतेक वेळा अधिकाऱ्यांना जेवण वाढायचंच काम मिळायचं. या तोफेचे प्रमुख होते लुइस एथरिज. त्यांना ब्राँझ स्टार पदक मिळालं, पण केव्हा? १९५२ मध्ये. केवढा हा उशीर!

पाणबुडीला माशासारखे पंख असतात, पण पोलादी. टक्कर झाली तेव्हा त्यातल्या एका पंखानं कॅम्पबेलचं पोट फाडलं. इंजिनघरात पाणी शिरलं, यंत्रं थांबली, वीज गेली. भर अटलांटिकमध्ये काळोखात जहाज नुसतं तरंगत राहिलं. बरेच खलाशी बुर्झावर गेले. मोजके मागे राहिले, भोकाला ठिगळ लावून पाण्याशी झुंजत.

त्या मोजक्यांत एक कुत्रा होता, सिंदबाद! युद्धाच्या आधीच तो जहाजावर आला होता. त्याच्या भरतीच्या कागदावर सहीऐवजी पंजाचा ठसा होता. ग्रीनलंडला मेंढ्यांच्या मागे धावून त्यानं गोंधळ घातला, म्हणून तिथे त्याला किनारा बंद झाला होता. पण सिंदबाद आहे तोवर जहाज बुडणार नाही, असा खलाशांचा विश्वास. मग त्याला उतरवणार कोण? अखेर एका टगबोटीनं कॅम्पबेलला ओढत न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदरात आणलं.

दुरुस्त होऊन जहाज पुन्हा कामाला लागलं ते थेट १९८२ पर्यंत. सिंदबादनं निवृत्तीनंतरचे दिवस न्यू जर्सीत, बार्नेगटच्या तटरक्षक ठाण्यावर काढले. आता कॅम्पबेल नावाचं दुसरं कटर आहे. त्यावर सिंदबादचा छोटा पुतळा आहे, जवळ त्याचं हाडूकही. आणि कनिष्ठ खलाशांनी त्या हाडकाला हात लावणं अशुभ मानतात!