ऑकचीं सूत्रें आणि त्यांतला अध्याहार

संगणकाला टंकलिखित आज्ञा देणारी एखादी ओळ प्रथमच पाहणाऱ्यास ती मंत्रासारखी वाटते. खुणा आणि कंस यांची गर्दी. शब्द मात्र जवळजवळ नाहींत. परंतु ही दुर्बोधता वरवरची आहे. वाचणाऱ्यास जें ठाऊक असावयाचें, तें लिहावयाचें नाहीं, हा सूत्रकारांचा जुना नियमच येथें पाळलेला असतो. तो अध्याहार ओळखला, कीं सूत्र उलगडतें.

'ऑक' ही भाषा याचा चांगला नमुना होय. १९७७ सालीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहॅन यांनीं ती रचिली. त्यांच्या आडनांवांच्या रोमन आद्याक्षरांवरूनच तिचें नांव पडलें. तिच्या वाक्याचीं अंगें दोनच : लक्षण आणि क्रिया. मजकुराची एकेक ओळ घ्यावयाची आणि लक्षण जुळल्यास महिरपी कंसांतील क्रिया करावयाची. लक्षण गाळलें, तर क्रिया प्रत्येक ओळीवर होते. क्रिया गाळली, तर ओळ जशीच्या तशी छापली जाते. '$२' म्हणजे ओळींतील दुसरा रकाना. म्हणून '$२ > १००' एवढेंच लिहिलें, तरी त्या रकान्यांत शंभराहून मोठी रक्कम असलेल्या सर्व ओळी छापल्या जातात. प्रत्यक्षांत अक्षरें रोमन व आकडे इंग्रजी असतात, एवढेंच.

आतां एक प्रसिद्ध सूत्र पाहावें : '!अ[$०]++'. '$०' म्हणजे सबंध ओळ. 'अ' ही नोंदवही. ती ओळ पूर्वीं किती वेळां आली, हें तींत राहतें. आरंभीं प्रत्येक नोंद शून्य. '++' शेवटीं असल्यामुळें जुनी संख्या आधीं मिळते, मग ती एकानें वाढते. '!' हें नकाराचें चिन्ह. शून्य म्हणजे असत्य. त्याचा नकार सत्य. म्हणून ओळ पहिल्या वेळीं छापली जाते, पुन्हा नाहीं. तेंच '++' पुढें आणून '!++अ[$०]' असें लिहिलें, तर एकही ओळ उमटत नाहीं!

पुष्कळजण हें सूत्र केवळ पाठ करतात, आणि तेथेंच घात होतो. वर्गणीच्या यादींत एकाच नांवाच्या दोन गृहस्थांनीं शंभर-शंभर रुपये दिले असतील, तर दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या. सूत्र दुसरी ओळ मुकाट्यानें गाळतें आणि बेरीज शंभरानें कमी भरते. यंत्र चुकलेलें नसतें. सांगितलें तेवढेंच त्यानें केलेलें असतें. यास्तव सूत्र वापरण्यापूर्वीं गाळलेले शब्द भरून तें एकदां वाचावें : "ही ओळ पूर्वीं आली नसेल, तरच छाप." हें वाक्य हातांतील यादीस लागू पडतें काय, एवढा प्रश्न विचारला, तर पुढची चूक टळते.