निंबोळी अर्क आणि जलपिसवा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जून उजाडला की उरण तालुक्यातली भातखाचरे, गावतळी आणि डबकी गोड्या पाण्याने भरतात. त्यातले पेलाभर पाणी उजेडात धरले, तर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे जीव उसळ्या मारत पोहताना दिसतात. या जलपिसवा. आपल्याकडच्या उबदार पाण्यात त्यांच्या मोइना आणि सिरिओडाफ्निया या प्रजाती सापडतात. जगभरच्या प्रयोगशाळांची लाडकी जात मात्र डाफ्निया मॅग्ना. शेजारच्या बांधावर निंबोळी अर्क फवारला, तर या जलपिसवांच्या वंशवेलीचे काय होते? याविषयीचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज: पाण्यात हे किडे दिसले म्हणजे पाणी घाण.
वस्तुस्थिती: हे कीटक नव्हेत. कोळंबी, जवळा आणि चिंबोरी यांच्या कवचधारी कुळातले हे जीव. ते पाण्यातले शेवाळाचे कण गाळून खातात आणि स्वतः मासळीच्या पिल्लांचे खाद्य होतात. त्यांच्याच एका नातलगाने, सायक्लॉपने, मात्र नारूचा रोग पसरवला. महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. फडक्याने पाणी गाळून पिणे हा त्यावरचा एक मोठा उपाय ठरला. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली नोंदला गेला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. असे पाणी गाळूनच प्यावे, पण तळ्यातली जलपिसू तळ्याच्या कामाचीच.

गैरसमज: कडुनिंब माणसाला औषध, मग या जिवांना अपाय कसा करेल?
वस्तुस्थिती: निंबोळीतले अझाडिरॅक्टिन हे झाडाचे कीटकांविरुद्धचे हत्यार आहे. कीटकांना कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या कामात ते अडथळा आणते. जलपिसवाही त्याच प्रकारच्या संप्रेरकावर कात टाकतात. माणूस कात टाकत नाही, त्यामुळे हा घाव त्याला लागू होत नाही. ‘औषधी’ हा शिक्का माणसाच्या बाजूने मारलेला आहे. पाण्यातल्या जिवाला तो बांधील नाही.

गैरसमज: अर्क टाकला, जीव मेले नाहीत, म्हणजे तो निर्धोक.
वस्तुस्थिती: जलपिसवेच्या पाठीवर कवचाखाली अंड्यांची पोकळी असते. पिल्ले बाहेर पडली की मादी कात टाकते आणि लगेच नवी अंडी त्या पोकळीत येतात. सुमारे 20 अंश तापमानाला हे चक्र साधारण तीन दिवसांचे. कात अडली की अंडीही अडतात. मादी जिवंत आणि पोहती असते, पण पिल्ले कमी होतात किंवा उशिरा येतात. म्हणूनच ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत: 48 तासांची चाचणी जीव हालचाल करतो की नाही ते पाहते, तर 21 दिवसांच्या चाचणीत प्रत्येक मादीची जिवंत पिल्ले मोजतात. पहिलीत उत्तीर्ण झालेला अर्क दुसरीत नापास होऊ शकतो.

गैरसमज: पिल्ले घटली, म्हणजे ती वनस्पती वंध्यत्व आणते.
वस्तुस्थिती: अन्न कमी पडले, दाटी झाली, पाण्यातला प्राणवायू घटला, तरी पिल्ले घटतात. गडद अर्काने उजेड अडून शेवाळ कमी वाढले, तरी हाच परिणाम दिसतो. म्हणून अर्काविना ठेवलेल्या माद्या आणि नुसता द्रावक घातलेल्या माद्या यांच्याशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. आणि त्यावरून माणसाच्या प्रजननाबद्दल काही सांगणे तर अजिबातच योग्य नाही.

गैरसमज: एका जातीवर जे घडले, ते सगळ्यांवर घडणार.
वस्तुस्थिती: कॅनडात तळ्याचे भाग बंदिस्त करून त्यात निंबोळीपासूनचे कीटकनाशक घालण्यात आले. दर लिटरला 10 ते 28 मायक्रोग्रॅम अझाडिरॅक्टिन इतक्या मात्रेत सायक्लॉपच्या गटातले, म्हणजे कोपेपॉड, प्रौढ जीव घटले. त्यांची पिल्ले आणि जलपिसवा यांच्या संख्येवर परिणाम दिसला नाही. जात, वय आणि मात्रा सांगितल्याशिवाय ‘कडुनिंब घातक’ हे विधान जितके अपुरे, तितकेच ‘कडुनिंब सुरक्षित’ हेही.

गैरसमज: नैसर्गिक आहे, लवकर विरून जाते, काळजी नको.
वस्तुस्थिती: यात अर्धे सत्य आहे. सूर्यप्रकाशात आणि पाण्यात अझाडिरॅक्टिनचे विघटन खरोखरच लवकर होते. शिवाय जलपिसवेची पिढी छोटी असते. माद्या बहुतेक काळ नराविनाच पिल्ले देतात. पाणी आटू लागले, अन्न घटले की नर जन्मतात आणि जाड कवचातली सुप्त अंडी चिखलात पडतात. ती वर्षानुवर्षे टिकतात आणि पाणी आले की उबतात. एकदाचा डोस असा भरून निघू शकतो. दर आठवड्याचा भरून निघायला वेळच मिळत नाही.

गैरसमज: कडुनिंब, तुळस, बेल पाण्यात टाकले की तळे शुद्ध होते.
वस्तुस्थिती: उरणच्या विमला तलावासारख्या साचलेल्या पाण्यात पाला कुजतो, तेव्हा कुजवणारे जिवाणू प्राणवायू खातात. पाला औषधी असो वा साधा, प्राणवायूचा हिशेब तोच. त्यातून सुटणारी पोषकद्रव्ये शेवाळ वाढवतात आणि ते खाणाऱ्या जलपिसवाच गुदमरल्या, तर पाणी हिरवे पडते.

म्हणून निर्माल्य कलशातच टाकावे. 5 टक्के निंबोळी अर्क पिकावर जरूर फवारावा. मात्र पाऊस तोंडावर असताना नको, आणि उरलेला अर्क किंवा पंप धुतलेले पाणी ओढ्यात, तळ्यात ओतू नये.