घरबसल्या विमान: खरं काय, ऐकीव काय

जांब समर्थला धावपट्टी नाही. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव, घनसावंगी तालुक्यातलं. जवळचा विमानतळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा. तरी जांबवरून विमान नेता येतं. चिकलठाण्याहून चार आसनी सेसना १७२ उडवायचं, नाक पूर्व-आग्नेयेला वळवायचं आणि उजव्या हाताला दूरवर गोदावरीचं पात्र ठेवून सरळ जायचं. अर्ध्या तासाच्या आत गावाचा परिसर खाली येतो. हे सगळं अर्थात कॉम्प्युटरच्या पडद्यावर, फ्लाइट सिम्युलेटरमध्ये. इंटरनेट जोडलं की त्याच आकाशात मुंबईहून नागपूरला निघालेला दुसरा कुणी आणि दोघांशी बोलणारा तिसरा कंट्रोलरही असू शकतो. ही तिन्ही माणसं खरी, विमानं मात्र खोटी.

हा छंद घरात शिरला की पहिली शंका येते ती ‘मारामारीचा गेम’ म्हणून. नागरी सिम्युलेटरमध्ये बंदूक नसते, साध्या उड्डाणाला गुण नसतात, कुणी जिंकत नाही. मुंबईहून निघून नागपूरला नीट उतरलात, एवढाच निकाल. बाहेरच्या माणसाला ते भयंकर कंटाळवाणं वाटतं आणि त्यात त्याची चूकही नाही. तासभर काही घडत नाही, हेच चांगल्या उड्डाणाचं लक्षण आहे. हा छंद जगभर चालवणाऱ्या दोन मोठ्या जाळ्यांपैकी आयव्हाओ १९९८ पासून आहे, व्हॅटसिम २००१ पासून. दोन्ही मोफत, दोन्ही स्वयंसेवकांनी चालवलेली. व्हॅटसिमवर तेरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि नव्या सदस्याला उडण्याआधी एक छोटी परीक्षा द्यावी लागते. तिथे विमान अपहरणाचं नाटक करायला बंदी आहे. अपहरणाचा ७५०० हा ट्रान्सपाँडर कोड (रडारवर विमानाची ओळख सांगणारा आकडा) मजेखातर लावणाऱ्याला जाळ्यावरून काढून टाकतात.

दुसरी समजूत खर्चाची आहे आणि ती अर्धी खरी आहे. मायक्रोसॉफ्टचा २०२० चा फ्लाइट सिम्युलेटर कॉम्प्युटरवर दीडशे जीबी जागा मागतो. रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर तेवढं उतरवायचं तर शंभर दिवस दुसरं काहीही न बघता बसावं लागेल. पण म्हणून छंदाचा दरवाजाच बंद, असं नाही. फ्लाइटगिअर हा मुक्त सिम्युलेटर १९९७ पासून फुकट मिळतो, तो बराच हलका आहे, माउसवरही चालतो आणि इतरांबरोबर उडण्याची सोय त्यात आहे. खरा खिसा रिकामा होतो तो नंतर: हवं ते विमान विकत घ्या, हवा तो विमानतळ विकत घ्या, मग जॉयस्टिक, मग पायाखालचे पेडल. याची सक्ती कुणी करत नाही. मोह मात्र आवरत नाही, आणि पालकांनी लक्ष ठेवायचंच तर इथे ठेवावं.

याला चिकटूनच एक तांत्रिक गैरसमज येतो: सगळे एकत्र उडतात म्हणजे सगळ्यांकडे एकच सॉफ्टवेअर आणि तुफान वेगाचं इंटरनेट हवं. जाळ्यावरून डोंगर, ढग, इमारती यातलं काहीच जात नाही. जाते ती फक्त प्रत्येक विमानाची जागा, उंची, दिशा, वेग, थोडा मजकूर आणि बोलण्याचा आवाज. बाकी चित्र ज्याचा त्याचा कॉम्प्युटर रंगवतो. म्हणून एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरवाला आणि मायक्रोसॉफ्टवाला शेजारी शेजारी उभे राहू शकतात. तुम्ही इंडिगोचं एअरबस घेऊन उभे असाल आणि शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये ते रंगरूप नसेल, तर त्याला तुमच्या जागी भलत्याच कंपनीचं विमान दिसतं. दोन विमानं एकमेकांतून आरपार गेली तरी व्हॅटसिमवर धडक होत नाही. जाळ्यासाठी साधं कनेक्शन पुरतं. वेगवान इंटरनेट लागतं ते मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरला खालची जमीन उतरवून घ्यायला.

त्या जमिनीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ‘आपलं गाव जसंच्या तसं दिसतं’ ही जाहिरात तोंडोतोंडी फार फिरली. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर बिंग नकाशांवरची आकाशातून घेतलेली छायाचित्रं जमिनीवर पसरतो आणि त्यावर घरं-झाडं अंदाजाने उभी करतो. काही निवडक मोठ्या शहरांच्या इमारती खऱ्या आकाराच्या असतात. मराठवाड्यातल्या खेड्याच्या वाट्याला तो मान येत नाही. रस्ते, शेतांचे बांध, नदीची वळणं ओळखू येतील. जांबच्या मंदिराचं शिखर दिसेल या आशेने गेलात, तर त्या जागी एखादं अनोळखी घर भेटण्याची शक्यताच जास्त.

जमीन ओळखली तरी उंचीमापक बघून नवखा हमखास गोंधळतो. चिकलठाण्याच्या धावपट्टीवर चाकं टेकलेली असतानाही काटा सुमारे एकोणीसशे फूट दाखवतो, कारण तो समुद्रसपाटीपासून मोजतो. बिघाड नाही तो. खाली जमीन कुठवर आहे हे पायलटने स्वतः माहीत करून घ्यायचं असतं.

आता या छंदाचा गाभा. ‘कंट्रोलर म्हणजे कॉम्प्युटरच बोलतो’ आणि ‘फाडफाड इंग्रजी येत नसेल तर तिकडे फिरकू नये’ ही दोन्ही वाक्यं मुलांच्या तोंडी ऐकू येतात. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. व्हॅटसिमवरचा कंट्रोलर हा हेडफोन लावून आपल्या घरी बसलेला माणूस असतो. त्याला पायरीपायरीने शिकावं लागतं: आधी जमिनीवरची विमानं, मग टॉवर, मग अॅप्रोच, मग दूरवरचं मोठं क्षेत्र. दर पायरीला परीक्षा. पगार शून्य. त्यामुळे प्रत्येक विमानतळावर प्रत्येक वेळी कुणी असेलच असं नाही; नसेल तेव्हा सगळे १२२.८ या एकाच फ्रीक्वेन्सीवर आपापला बेत सांगतात आणि एकमेकांना सांभाळून घेतात.

इंग्रजीचं जरा सविस्तर. एटीसीची, म्हणजे कंट्रोलरशी बोलायची, भाषा इंग्रजी असली तरी ती गप्पांची इंग्रजी नव्हे. ठरलेली शे-दोनशे वाक्यं, ठरलेल्या क्रमाने: कुणाला, कोण, कुठे, काय हवं. कंट्रोलरने सांगितलेली उंची किंवा धावपट्टी तशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. त्याला रीडबॅक म्हणतात. इंग्रजी कादंबरी वाचणारा इथे अडखळतो आणि दहावीच्या इंग्रजीत जेमतेम पास झालेला इथे बिनचूक बोलतो, कारण इथे ऐकणं आणि थांबणं जास्त लागतं. दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत बटण दाबायचं नाही, हाच पहिला धडा. शिवाय व्हॅटसिमवर बोलण्याची सक्तीही नाही. फक्त ऐकून उत्तर टाइप करता येतं, आणि तसं फ्लाइट प्लॅनमध्ये कळवायची सोय असते.

ही शिस्त पोकळ कवायत वाटत असेल तर १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ आठवावी. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे उतरणारं कझाकस्तानचं इल्युशिन ७६ हरयाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं होती, एकही वाचलं नाही. सौदी विमानाला १४ हजार फुटांपर्यंत चढायची परवानगी होती, कझाक विमानाने १५ हजारांवर थांबायचं होतं. ते थांबलं नाही. सांगणं झालं होतं, मधल्या हजार फुटांचं भान राहिलं नाही. त्यानंतर भारतात प्रवासी विमानांना धडक टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्याआधी १९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो जेटांची टक्कर होऊन ५८३ लोक गेले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देता-घेतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, हा दंडक त्या अपघातातून आला. व्हॅटसिमवरचा पंधरा वर्षांचा मुलगाही तो पाळतो. माझ्या मते या छंदातून कुणाला काही मिळत असेल तर ती ही शिस्त. लँडिंगचे व्हिडिओ त्यापुढे फिके.

‘रेडिओवर बोलतो म्हणजे पोलीस येतील’ ही भीती मात्र निराधार. इथे अँटेना नाही, लहरी नाहीत, १२२.८ हा फक्त इंटरनेटवरच्या एका खोलीचा क्रमांक समजा. खऱ्या विमानातल्या कुणालाही तुम्ही ऐकू जात नाही. खऱ्या विमानातून बोलायला आरटीआर हा परवाना लागतो.

परवान्याचा विषय निघाला की सर्वांत महागडा गैरसमज पुढे येतो: सिम्युलेटरवर तास भरले की पायलटच्या कोर्समध्ये सूट मिळते. मिळत नाही. भारतात व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, तेही खऱ्या विमानात. उपकरणांच्या भरवशावर उडण्याचे जे दहा तास त्यात लागतात, त्यांतले जास्तीत जास्त पाच मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. तुमच्या टेबलावरचा तो मान्यताप्राप्त नव्हे. ‘मुलाचे हजार तास झालेत’ असं ऐकवून कुणी फीमध्ये सवलत देऊ करत असेल, तर आधी नियम दाखवायला सांगावेत.

म्हणून सिम्युलेटर बिनकामाचा, असं मात्र नाही. एड लिंक हा अमेरिकन माणूस ऑर्गन बनवणाऱ्या घरातला. त्याने १९२९ मध्ये जे पहिलं नावाजलेलं प्रशिक्षणयंत्र बांधलं, ते हवेच्या भात्यांवर डुलायचं. आपल्या बाजाच्या पेटीत जो भाता असतो त्याच कुळातलं. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्याच डब्यात बसून ढगात उडायला शिकले. यंत्र काय शिकवतं आणि काय नाही, हे तेव्हापासून माहीत आहे. कामाचा क्रम, तक्ते, रेडिओ, नकाशा हे घरीही पक्कं होतं. पोटात उठणारा गोळा, दांड्यावर येणारा दाब, वाऱ्याने मारलेला धक्का घरी येत नाही. उलट एक सवय बिघडते: घरचा पायलट उपकरणांकडेच डोळे लावून बसतो, आणि सुरुवातीला त्याला खिडकीबाहेर बघायला शिकवणं हे प्रशिक्षकाचं वेगळंच काम होऊन बसतं.

राहिला प्रश्न खेड्यातल्या विजेचा. मध्येच वीज गेली तर शिक्षा होते, असं काहींना वाटतं. तसं काही नाही. तुमचं विमान इतरांच्या पडद्यावरून नाहीसं होतं, इतकंच. हरकत आहे ती विमान ऑटोपायलटवर सोडून जेवायला जाण्याला. व्हॅटसिमवर अर्ध्या तासाहून जास्त वेळ जागा सोडता येत नाही. वीज आली की त्याच कॉलसाइनने (रेडिओवरच्या नावाने) पुन्हा जोडून घ्यावं आणि पहिल्याच वाक्यात कंट्रोलरला आपली जागा आणि उंची सांगावी.