पहिल्या बर्फांतील गिरिभ्रमण

अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर राज्यांत वॉशिंग्टन नांवाचें ६,२८८ फूट उंचीचें शिखर आहे. थंडीच्या आरंभीं मित्रमंडळी एका दिवसांत तें चढून येण्यास निघतात. पण हेच दिवस फार फसवे. दर हजार फुटांस उष्णमान सेंटिग्रेडचे सुमारें दोन अंश उतरत असल्यानें पायथा कोरडा असतांही माथ्यावर बर्फ असूं शकतें. तें नवें बर्फ घट्ट बसलेलें नसतें. धोंड्यांमधील फटी झांकतें, आधार मात्र देत नाहीं. पाय मुरगळतो तो तेथेंच. वृक्षांची सीमा संपतांच वाऱ्यास आडोसा उरत नाहीं. १९३४ च्या एप्रिलांत या माथ्यावर ताशीं २३१ मैल वेगाचा वारा मोजला गेला. दिवसही आखूड, म्हणून परतण्याची वेळ निघण्यापूर्वींच ठरवावी. घामानें भिजलेला मनुष्य थांबतांच गारठतो. यास्तव सर्वांनीं सर्वांत मंद चालणाऱ्याच्या गतीनेंच चालावें.