चंदी भरपूर, तरी घोडा का झिजतो?

घोडा चंदी संपवतो, वैरणही फस्त करतो आणि तरी महिन्याभरात त्याच्या पुठ्ठ्यावरचे मांस उतरू लागते. उभ्या-उभ्या मांड्या थरथरतात, मान खाली येते, चारही पाय पोटाखाली ओढले जातात. विशेष म्हणजे चालताना तो उभा असतानापेक्षा बरा दिसतो. पागेतील मंडळी प्रथम दात, जंत किंवा वय यांच्याकडे बोट दाखवतात. मूळ मात्र आहारातील एका उणिवेत असू शकते.

न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी 1990 साली या विकाराचे प्रथम वर्णन केले. ‘इक्वाइन मोटर न्यूरॉन डिसीज’ हे त्याचे नाव. स्नायूंना हालचालीचा आदेश पोचवणाऱ्या चेतापेशी यात मरत जातात. माणसांतील एएलएसशी त्याचे काहीसे साम्य आहे. आजारी घोड्यांत एक गोष्ट वारंवार आढळली. दीर्घकाळ त्यांना हिरवे कुरण मिळालेले नव्हते आणि त्यांच्या रक्तात ई जीवनसत्त्व अत्यल्प होते.

हे जीवनसत्त्व चेतापेशींच्या मेदयुक्त आवरणाचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते. घोड्याचे शरीर ते तयार करू शकत नाही. ताज्या गवतातून ते विपुल मिळते. गवत कापून वाळवले की त्याचे प्रमाण झपाट्याने घटते, साठवणीत आणखी घटते. सतत ऑक्सिजनवर काम करणारे, शरीर तोलून धरणारे स्नायू व त्यांच्या चेतापेशी आधी बळी पडतात. म्हणूनच अशा घोड्याला उभे राहणे चालण्याहून जड जाते.

अमेरिकेतील आपल्या काही घरांत मुलींसाठी घोडा भाड्याने घेतला जातो. शहरालगतच्या पागांत जागा तोकडी असते आणि ‘मोकळे सोडतो’ याचा अर्थ अनेकदा वाळूचे आवार एवढाच. मुलीच्या पागेत मी कुरणाविषयी विचारले, तेव्हा उत्तर चंदीच्या मापात मिळाले!

500 किलो वजनाच्या घोड्याला रोज साधारण 500 ते 1000 एकके ई जीवनसत्त्व लागते. उपचारात पशुवैद्य ही मात्रा 5000 एककांपर्यंत नेतात. डब्यावर ‘डी-अल्फा’ लिहिलेले नैसर्गिक रूप ‘डीएल-अल्फा’ या कृत्रिम रूपापेक्षा अंगी अधिक लागते. सेलेनियम मिसळलेली पूरके मात्र दुप्पट-तिप्पट देऊ नयेत, कारण सेलेनियमचा अतिरेक विषारी ठरतो. आधी रक्ततपासणी करावी, मग डबा उघडावा.

लडखडणाऱ्या प्रत्येक घोड्याचा दोष आहारावर टाकणेही चूक. मणक्यांचा दाब किंवा अपोसम या प्राण्याच्या विष्ठेतून पसरणारा परजीवी हीदेखील कारणे असतात. शिंगरांत याच जीवनसत्त्वाच्या अभावाला आनुवंशिक प्रवणतेची जोड मिळून वेगळा चेताविकार होतो. त्यात लक्षणे दिसल्यावर फारसे काही हाती उरत नाही, म्हणून प्रवण वंशातील घोडीला गाभण असतानाच ई जीवनसत्त्व दिले जाते.

प्रौढ घोड्यात लक्षणे उमटेपर्यंत सुमारे 30 टक्के चेतापेशी गेलेल्या असतात आणि त्या परत येत नाहीत. उपचाराने काहींचे वजन भरते, काही आहेत तेथेच थांबतात, काही खालावतच जातात. सुधारलेल्या घोड्यावर पुन्हा खोगीर चढवावे की नाही, हे पशुवैद्याने तपासल्यावाचून ठरवू नये. अशक्त स्नायूंचा घोडा अडखळून पडला, तर पाठीवरचे मूलही पडते.