खोट्या कॉइलचं काय करायचं?

दर दोन-तीन महिन्यांनी तो व्हिडिओ माझ्या फोनवर येऊन पडतो. ऐसपैस खुर्चीत रेललेला एक अमेरिकी माजी सैनिक, डोक्याला डावीकडून टेकवलेलं यंत्र आणि खाली ठळक मराठीत ओळ: ‘चुंबकाने पीटीएसडी कायमचा बरा! अमेरिकी सरकारची मान्यता.’ पाठवणारे बहुधा आपल्याकडचे निवृत्त फौजी, नाहीतर त्यांच्या घरचे. सोबत ‘हे आपल्याकडे कुठे मिळतं?’ हा प्रश्न असतोच, त्यामुळे हसून सोडून देता येत नाही. पण एवढ्याशा ओळीत किती चुका कोंबाव्यात!

मान्यतेपासून सुरुवात करू. या उपचाराचं नाव टीएमएस, म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. कवटीला हात न लावता, बाहेरूनच चुंबकीय स्पंदनं देऊन मेंदूचा ठरावीक भाग चेतवायचा. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २००८मध्ये याचं पहिलं यंत्र मंजूर केलं, ते औषधाला दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी. पुढे २०१८मध्ये मंत्रचळासाठी आणि २०२०मध्ये सिगारेट सोडवण्यासाठी मंजुरी मिळाली. पीटीएसडी, म्हणजे युद्ध, अपघात, अत्याचार यांसारख्या आघातानंतर माणसाची पाठ न सोडणारा आजार, या यादीत नाही. अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं (तिथे सगळे ‘व्हीए’ म्हणतात) आणि संरक्षण खातं यांनी मिळून २०२३मध्ये पीटीएसडीवरच्या उपचारांची मार्गदर्शिका काढली. तीत टीएमएसबद्दलचा शेरा असा: ‘करा’ किंवा ‘करू नका’ यांपैकी काहीही सांगण्याइतका पुरावा नाही. सैनिकांवर हा उपचार करणाऱ्या सरकारचंच हे म्हणणं आहे. झाली मान्यता!

हे सांगितलं की ठरलेला प्रतिप्रश्न येतो. ‘अहो, पण त्या माणसांना बरं वाटलं ते काय खोटं?’ खोटं मुळीच नाही. पण बरं वाटलं आणि यंत्राने बरं वाटलं, या दोन गोष्टी वेगळ्या करणं किती अवघड असतं, ते याच सैनिकांवरच्या एका प्रयोगात लख्ख दिसलं.

आधी खुर्चीत काय होतं ते पाहू. पहिल्या दिवशी डॉक्टर कॉइल, म्हणजे चुंबकीय स्पंदनं सोडणारं वेटोळं, डोक्यावर थोडी इकडे, थोडी तिकडे सरकवत एकेक स्पंदन सोडतात आणि रुग्णाच्या उजव्या अंगठ्याकडे बघत बसतात. अंगठा आपसूक उडाला की हात हलवणारा मेंदूचा भाग सापडला, आणि या माणसाला किती जोर पुरतो हेही कळलं. मग कॉइल तिथून पुढे, कपाळाच्या डाव्या अंगाला नेतात. कानात बोळे. चार सेकंद टकटकटकटक, सेकंदाला दहा वेळा, जणू टाइपरायटरची एकच कळ कुणीतरी रागाने बडवतंय. मग २६ सेकंद शांतता. पुन्हा टकटक. असं साडेसदतीस मिनिटं, तीन हजार स्पंदनं. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे.

मघाशी म्हटलेला तो प्रयोग व्हीएच्या नऊ रुग्णालयांत १६४ माजी सैनिकांवर झाला. सगळ्यांचं नैराश्य औषधांना न जुमानणारं, आणि अनेकांना जोडीला पीटीएसडीही. एरवी असे ‘गुंतागुंतीचे’ रुग्ण प्रयोगातून वगळतात. इथे मुद्दाम घेतले, कारण व्हीएच्या दारात येणारा रुग्ण असाच असतो. निम्म्यांना खरी कॉइल, निम्म्यांना खोटी. खोटीचा आवाज तसाच, खुर्ची तीच, वेळही तेवढाच. फक्त मेंदूपर्यंत काही पोचत नाही. कुणाला कोणती लावली ते ना रुग्णाला ठाऊक, ना उपचार करणाऱ्याला. निकाल २०१८मध्ये ‘जामा सायकिअ‍ॅट्री’त छापून आला. खऱ्या कॉइलने ४१ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले. खोट्या कॉइलने ३७ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका किरकोळ आहे.

३७ हा आकडा वाचून मी पहिल्यांदा चक्रावलो होतो. कारण २०१०मध्ये, १९० सामान्य नागरिकांवर झालेल्या सरकारी निधीच्या प्रयोगात खऱ्या उपचाराने १४ टक्के आणि खोट्याने फक्त ५ टक्के बरे झाले होते. तिथे खरी कॉइल स्पष्टपणे पुढे होती. मग सैनिकांच्या बाबतीत खोट्या कॉइलला एवढं बळ कुठून आलं? २०१०च्या प्रयोगात रुग्णांची नैराश्यावरची औषधं बंद होती आणि ठरलेली मुदत तीन आठवड्यांची होती. व्हीएत औषधं चालू राहिली, सत्रंही जास्त झाली. आणि संशोधकांनी स्वतःच आणखी एक कारण सुचवलं आहे: बारकाईने ठेवलेली देखरेख, औषधांवरची नजर आणि कर्मचाऱ्यांशी नियमित येणारा संबंध. डोळ्यांसमोर आणून बघा. वर्षानुवर्षं पडदे ओढून घरात बसलेला माणूस. त्याला आता रोज ठरल्या वेळी दाढी करून बाहेर पडायचं आहे. तिथे कुणीतरी त्याला नावाने हाक मारतं, रात्री झोप लागली का विचारतं, उद्या नाही आला तर फोन करतं. हे उपचार नाहीत असं कोण म्हणेल? फक्त ते चुंबकाच्या खात्यावर जमा करू नका.

यावर व्हिडिओवाल्यांचं उत्तर तयार असतं, आणि ते अगदीच पोकळ नाही. व्हीएने २०१७पासून आपल्या रुग्णालयांत टीएमएसचा कार्यक्रम चालवला आणि ७७० माजी सैनिकांचे निष्कर्ष २०२२मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्याची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेले ४१ टक्के. पीटीएसडी असलेल्यांपैकी ४६ टक्के लोक त्या आजाराच्या निकषांखाली आले. आकडे खरे आहेत, चांगलेही आहेत. पण इथे खोटी कॉइल नव्हतीच! आत्ताच आपण बघितलं की याच सैनिकांत खोट्या कॉइलने काय घडू शकतं, आणि लगेच ते विसरून ४६ टक्के सगळेच्या सगळे चुंबकाला बहाल करायचे, हे कुठलं गणित?

तुलना असलेला एक छोटा प्रयोग पीटीएसडीवरही झाला आहे, ५० माजी सैनिकांवर, जलद पद्धतीने, निकाल २०१९चा. दोन आठवड्यांत त्यांचं रोजचं वागणं-काम सुधारलं, नैराश्यही उतरलं. पीटीएसडीच्या लक्षणांत मात्र ठामपणे बोट ठेवावं असा फरक दिसला नाही. माझं मत विचाराल तर टीएमएस सैनिकाच्या नैराश्याला हात देतं, आणि नैराश्य उतरलं की पीटीएसडीचं ओझंही काही अंशी हलकं होत असावं. दोन औषधं नीट घेऊनही नैराश्य हटत नसेल तर टीएमएसचा विचार करावा, असं व्हीएची २०२२ची मार्गदर्शिकाही सुचवते. पीटीएसडीसाठी तिथे आजही आधी पाठवतात ते आघाताला थेट भिडणाऱ्या मानसोपचारांकडे, जिथे ती आठवण थेरपिस्टसमोर पुन्हा पुन्हा उलगडावी लागते. ते काम कष्टाचं आहे आणि त्याचा व्हिडिओ बघणेबल होत नाही.

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो.

‘हा शॉकच, नाव नवीन.’ नाही. शॉक, म्हणजे ईसीटी, १९३८मध्ये रोममध्ये सुरू झाला. त्यात वीज देऊन मुद्दाम फिट आणतात, तीही भूल देऊन. (भूल न देता शॉक देणं भारतात २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे; आपला सिनेमा अजून तिथेच अडकला आहे.) टीएमएसमध्ये माणूस जागा असतो आणि सत्र संपल्यावर स्वतः गाडी चालवत घरी जाऊ शकतो.

‘मग चुंबकाची गादी, चुंबकाचा पट्टाही चालेल की.’ अजिबात नाही. स्थिर चुंबक मेंदूत वीज निर्माण करत नाही. चुंबकीय क्षेत्र क्षणात वाढून क्षणात ओसरावं लागतं. फॅरडेने हे १८३१मध्येच दाखवलं. शेफील्डच्या अँथनी बार्करने १९८५मध्ये तेच तत्त्व माणसाच्या डोक्यावर वापरलं. गादीवर झोपा खुशाल, पाठीला बरं.

‘आठवणी पुसतात.’ पुसत नाहीत. स्पंदनांचा परिणाम कवटीखाली दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतच पोचतो.

‘तीन मिनिटांचं सत्र म्हणजे फसवणूक.’ इथे मात्र शंका घेणारे चुकतात. कॅनडात ४१४ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात तीन मिनिटांची पद्धत साडेसदतीस मिनिटांच्या पद्धतीहून कमी ठरली नाही, ‘लॅन्सेट’, २०१८.

‘दुष्परिणाम शून्य.’ डोकं दुखतं, कॉइलखालची त्वचा हुळहुळते, आणि क्वचित, हजारात एकाहूनही कमी रुग्णांना, फिट येते. सैनिकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. स्फोटात उडालेला एखादा छर्रा डोक्यात राहून गेला असेल तर तो कॉइलखाली सरकू किंवा तापू शकतो. म्हणून खुर्चीत बसवण्याआधी विचारलं जाणारं अगदी सुरुवातीचं एक वाक्य असतं: डोक्यात कुठे धातू आहे का? व्हिडिओतल्या त्या माणसालाही ते विचारलं असणार. फॉरवर्ड करणाऱ्यांपर्यंत येईस्तोवर तेवढा भाग कापला गेला आहे.