स्नेहसंमेलनाचा हिशेब

डिसेंबर उजाडला की महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या आवारात मंडपाचे बांबू येऊन पडतात, सूचनाफलकावर स्पर्धांची पत्रके लागतात आणि ग्रंथालयातील गर्दी ओसरून नाटकाच्या तालमींकडे वळते. स्नेहसंमेलन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतले ‘गॅदरिंग’, ही उच्च शिक्षणातील एक जुनी प्रथा आहे. तिच्याविषयी दरवर्षी दोन ठराविक मते ऐकू येतात. अभ्यासाचे पंधरा दिवस वाया जातात, असे काही प्राध्यापक आणि पालक म्हणतात. या वयात मौज करायची नाही तर केव्हा करायची, असे इतरांचे म्हणणे असते. दोन्ही मतांत स्नेहसंमेलन ही केवळ करमणूक म्हणून गृहीत धरलेली असते. ती करमणूक घडवून कोण आणतो, हा प्रश्न दोन्ही पक्षांना सुचत नाही. वास्तविक विचार करण्यासारखा प्रश्न तोच आहे.

विद्यार्थ्यांनी स्वतः चालविलेल्या स्नेहसंमेलनात काय काय करावे लागते, ते पाहण्यासारखे आहे. जिमखान्याच्या निधीतून मिळणारी रक्कम ठराविक असते आणि तिच्यावर गायन, नृत्य, वक्तृत्व, क्रीडा अशा प्रत्येक विभागाच्या चिटणिसाचा हक्क असतो. त्या मागण्यांची वाटणी करावी लागते. मंडपवाला आणि ध्वनिक्षेपकवाला यांच्याकडून दरपत्रके मागवून त्यांची तुलना करावी लागते. सभोवती वस्ती असेल तर पोलिसांची परवानगी काढावी लागते, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नसल्याने कार्यक्रमपत्रिका त्या बेताने आखावी लागते. नाटक बसवायचे तर लेखकाची संमती मिळवून त्याचे मानधन पोचते करावे लागते. स्मरणिकेसाठी दुकानोदुकानी फिरून जाहिराती गोळा कराव्या लागतात. एवढे करून ऐन वेळी पाहुणे उशिरा येतात, वीज जाते, नाहीतर नायिकेचे वडील तिला तालमीला पाठविण्याचे नाकारतात. या प्रत्येक प्रसंगी अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींना निर्णय घ्यावा लागतो आणि त्याचा जाब चारचौघांत द्यावा लागतो.

दुसऱ्यांचा पैसा विश्वासाने हाताळणे, मतभेद असतानाही काम पुढे नेणे आणि शेवटी पावत्यांसह हिशेब मांडणे, या गोष्टी विद्यापीठाच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाहीत. पुढे कचेरीत, सहकारी संस्थेत, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत बसणाऱ्या माणसाला मात्र त्या पहिल्या दिवसापासून लागतात. ज्या घरातील पहिलीच पिढी महाविद्यालयात आलेली आहे, तेथील मुलाला हा अनुभव अन्यत्र मिळण्याची शक्यता फारच थोडी असते.

परंपरेचा पुरावा

या शिक्षणाची फळे मराठी मुलखाने पाहिलेली आहेत. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. भरत नाट्य मंदिरात तिच्या फेऱ्या रंगतात, तेव्हा प्रेक्षागृहातून उठणारा ‘आवाज कुणाचा’ हा पुकारा तरुणांच्या कित्येक पिढ्यांच्या कानांत बसला आहे. ठरवून दिलेल्या वेळात रंगमंच उभारायचा, प्रयोग करायचा आणि परीक्षकांचा निकाल मान्य करायचा, अशी तेथील शिस्त आहे. २०२२ साली परीक्षकांनी करंडक कोणत्याच संघाला न देण्याचा निर्णय घेतला. त्यावर बराच वाद झाला. तथापि आपले काम कमी पडले, हे भर सभेत ऐकून घेण्याचा प्रसंग हाही शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे दोघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडले आणि १९७२ साली रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’शी त्यांची नावे कायमची जोडली गेली. नाटकाची पदवी न घेता ते रंगभूमीवर आले. महाविद्यालयीन रंगमंचाचे मोल यावरून लक्षात यावे.

मुंबईत पवईच्या आय. आय. टी.मध्ये सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी ‘मूड इंडिगो’ सुरू झाला, तर १९७९ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयात ‘मल्हार’. या उत्सवांचा व्याप पुढे फार वाढला. परंतु त्यांची सूत्रे विद्यार्थ्यांच्या हाती राहिली. दरवर्षी जुने कार्यकर्ते पदवी घेऊन निघून जातात आणि नवे सगळा कारभार प्रारंभापासून शिकतात. प्रचंड पैशावाचूनही उत्तम कार्यक्रम होऊ शकतात, याचेही उदाहरण उपलब्ध आहे. दिल्लीच्या आय. आय. टी.मधील प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ साली ‘स्पिक मॅके’ ही चळवळ सुरू केली. विद्यार्थी स्वयंसेवकांच्या बळावर तिने अभिजात संगीत आणि नृत्य देशभरच्या शाळा-महाविद्यालयांत नेले. श्रेष्ठ कलावंतांचे स्वागत, त्यांचा प्रवास आणि मैफलीची व्यवस्था ही सर्व जबाबदारी विद्यार्थीच उचलू लागले.

दोन बाजूंचे आक्रमण

विद्यार्थ्यांच्या हातचा हा कारभार आता दोन बाजूंनी आक्रसत चालला आहे. पहिली बाजू शासन आणि व्यवस्थापनाची. महाविद्यालयीन निवडणुकांत हाणामाऱ्या होत, बाहेरच्या पक्षांचा पैसा येई; १९८९ साली तर मुंबईत अशाच वैमनस्यातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद केल्या आणि वर्गात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. रोगाहून उपाय सोपा होता, परंतु त्यामुळे प्रतिनिधित्वाचा अर्थच पालटला. परीक्षेतील गुण आणि सहकाऱ्यांचा विश्वास या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्यक्ष निवडणुकीची तरतूद पुन्हा केली खरी. पण २०१९ साली विधानसभा निवडणुकीचे कारण देऊन ती लांबणीवर टाकण्यात आली आणि पाठोपाठ करोनाची साथ आली. निवडणुकीविना महाविद्यालयात आलेल्या आणि तशाच बाहेर पडलेल्या तरुणांच्या अनेक तुकड्या त्या काळात तयार झाल्या.

दुसरी बाजू बाजाराची आहे आणि ती अधिक गोड दिसते. प्रायोजक येतो, त्याच्या नावाची कमान उभी राहते आणि त्याच्या पसंतीचा गायक ठरतो. पुढची पायरी म्हणजे सगळा सोहळाच कंत्राटाने देणे. व्यावसायिक मंडळी मंच, दिवे, निवेदक आणि कलावंत सर्व काही पुरवितात. एकांकिकेसाठीदेखील मोबदला देऊन बाहेरचा लेखक-दिग्दर्शक आणण्याची प्रथा अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. कार्यक्रम निःसंशय देखणा होतो. पण ज्या विद्यार्थ्याने एरवी पडदा ओढला असता, तो आता गळ्यात ओळखपत्र अडकवून गर्दी सांभाळतो. आपल्याच संमेलनात तो गिऱ्हाईक होतो, किंवा बिनपगारी नोकर.

आकार वाढला की धोकाही वाढतो. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात एका गायिकेच्या कार्यक्रमापूर्वी खुल्या प्रेक्षागृहाच्या दाराशी चेंगराचेंगरी झाली आणि चार जणांचा मृत्यू झाला. पाऊस आला, बाहेर थांबलेला जमाव आत लोटला, आणि दारालगतच्या उताराच्या पायऱ्यांवर मुले एकमेकांच्या अंगावर पडली. मृतांत तीन विद्यार्थी होते. अशा दुर्घटनेचा धडा ‘कार्यक्रमच बंद करा’ असा काढणे सोपे असते. खरा धडा असा की, प्रेक्षागृहात किती माणसे मावतात, दारे किती आणि पावसात काय करायचे, हे आधी कागदावर मांडून जबाबदार व्यक्तीने त्यावर सही केली पाहिजे. हे विद्यार्थ्यांना शिकविता येते. मात्र शिकविण्याची जबाबदारी वडीलधाऱ्यांची आहे, ती मुलांवर ढकलता येणार नाही.

आक्षेप आणि उपाय

विद्यार्थ्यांच्या हाती कारभार दिला की सारे आलबेल होते, असा दावा कोणी करू नये. ‘फिशपाँड’च्या निनावी चिठ्ठ्यांतून एखाद्या मुलीच्या रंगावर किंवा मुलाच्या जातीवर ओरखडे काढले गेले आहेत. पावतीपुस्तके गहाळ होतात. ठराविक टोळक्याचीच वर्णी लागते आणि खेड्यातून आलेला बुजरा विद्यार्थी मंडपाच्या कडेला उभा राहतो. हे दोष खरे आहेत. पण ते सार्वजनिक जीवनातलेच दोष आहेत आणि ते ओळखून दुरुस्त करण्याची सर्वांत कमी खर्चाची जागा महाविद्यालय हीच आहे. विशीत चुकलेल्या पाचशे रुपयांच्या हिशेबाबद्दल खुलासा देण्याची सवय लागली, तर चाळिशीत लाखांचा हिशेब लपविण्याचा मोह कदाचित कमी होईल.

उपाय अवघड नाहीत. संमेलनाचा जमाखर्च, प्रायोजकाच्या रकमेसह, पंधरा दिवसांत सूचनाफलकावर लावण्याची सक्ती असावी. प्रायोजकाला जाहिरातीची जागा मिळावी, कार्यक्रम ठरविण्याचा अधिकार मिळू नये. मंचावरील निम्मा तरी वेळ त्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा. प्राध्यापकांनी सल्लागार म्हणून सोबत राहावे. धनादेशावर दुसरी सही करावी, पण पहिली सही विद्यार्थ्याची असू द्यावी. विनोदाच्या नावाखाली होणाऱ्या अपमानाला मात्र त्यांनी स्पष्ट मज्जाव करावा. आणि चिटणीस निवडणुकीनेच आला पाहिजे. निवडणुकीत गैरप्रकार होतात म्हणून ती टाळणाऱ्या समाजाने अठराव्या वर्षी मताचा अधिकार तरी कोणत्या भरवशावर दिला, याचे उत्तर द्यावे लागेल.

मंडप उतरल्यावर रिकाम्या आवारात दोघे-तिघे विद्यार्थी उरलेल्या खुर्च्या मोजीत, पावत्या जुळवीत बसलेले दिसतात. मंडपवाल्याशी तीन खुर्च्यांवरून वाद चाललेला असतो. प्राचार्यांनी त्या वेळी खिडकीतून पाहावे आणि हस्तक्षेप करू नये. त्या वर्षीचा सर्वांत उपयुक्त तास तोच चालू असतो.